पाळणाघर काढताय? खेळण्यांच्या आधी दोनशे पानी वही आणा

दरवर्षी मे महिना आला की मला दोन-तीन तरी फोन येतात. ताई पाळणाघर काढायचंय, फी किती ठेवू, मॅट कुठून घेऊ, भिंतीवर कार्टून रंगवून घेऊ का. मी म्हणते सगळं कर गं, पण आधी खाली स्टेशनरीवाल्याकडे जा आणि पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घेऊन ये. मग पलीकडून दोन सेकंद शांतता. बहुतेक तिला वाटत असणार ताईंचं वय झालं.

मी डोंबिवलीत १८ वर्षं पाळणाघर चालवतेय, तळमजल्यावरचा फ्लॅट, सकाळी सव्वासातला दार उघडतं कारण आईबाबांना लोकल गाठायची असते, आणि रात्री आठला शेवटचं पोर घरी जातं, मध्य रेल्वेने कृपा केली तर. आठ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं. एवढ्या वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की अंगावर काटा येतो, ते म्हणजे "आमच्याकडे सगळे ओळखीचेच आहेत हो". लहान मुलांना त्रास देणारं माणूस बहुतेक वेळा ओळखीचंच असतं, अनोळखी माणसाच्या मांडीवर आपण पोर देतो कुठं? म्हणून सगळी व्यवस्था अशी लावायची की कोणाच्याच चांगुलपणावर अवलंबून राहायला नको, माझ्या तर नाहीच नाही.

अ‍ॅडमिशनच्या दिवशी

फॉर्ममध्ये नाव, पत्ता, ब्लड ग्रुप, अ‍ॅलर्जी हे सगळेच घेतात. तुम्ही अजून दोन गोष्टी घ्या.

एक म्हणजे अंगावरच्या खुणा. एका कागदावर माणसाची आकृती पुढून आणि मागून काढा, झेरॉक्स मारून ठेवा, आणि आईसमोर बाळाचे कपडे काढून कुठं तीळ, कुठं भाजल्याचा जुना डाग, कुठं लसीची खूण हे त्या आकृतीवर पेनाने दाखवून आईची सही घ्या. लोकांना हे जरा अतीच वाटतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना जन्मतः कमरेखाली, कुल्ल्यावर निळसर करडा डाग असतो, दुखत नाही, काही वर्षांत आपोआप फिका पडतो, आणि तो दिसतो मात्र अगदी मार लागल्यासारखा. माझ्याकडे सुरुवातीच्या काळात एक नऊ महिन्यांची पोरगी यायची, तिची आजी गावाहून आली, पहिल्यांदाच डायपर बदलताना तिला तो डाग दिसला आणि ती तडक माझ्या दारात, काय केलंत माझ्या नातीला म्हणून. आई तेव्हा ऑफिसात, फोन उचलेना. अख्खी सोसायटी खिडकीत. शेवटी बाळाच्या जन्मानंतरच्या हॉस्पिटलच्या कागदावर त्या डागाची नोंद सापडली म्हणून सुटले. त्या दिवसापासून आकृतीवाला कागद. आणि तो फक्त तुम्हाला वाचवायला नाही हं, उद्या त्या कागदावर नसलेली खूण दिसली तर तुम्हाला ती ओळखता पण आली पाहिजे.

दुसरी म्हणजे न्यायला कोण येणार. नुसती नावं नको, फोटो पाहिजेत, जास्तीत जास्त चार माणसं, आणि त्या चारात नसलेलं कोणीही आलं तर पोर द्यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. हा मामा मी उगाच लिहीत नाहीये. एकदा खराच मामा आला होता, हातात फुगा, पोरगं "मामा मामा" करत पळत त्याच्या गळ्यात, आणि मी दार अडवून उभी. आईचा फोन स्विच ऑफ. तो चिडला, मला नाही नाही ते बोलला, मी म्हटलं दादा खुर्ची घे, पाणी पी, पण पोर मिळणार नाही. चाळीस मिनिटं बसला बिचारा. नंतर कळलं की तो खरंच चांगला मामा, सरप्राइज द्यायला आलेला. असू दे. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका घरात आईवडिलांचा कोर्टात ताबा चालू होता, आणि तिथं जर मी एकदा सवय मोडलेली असती तर दुसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड राहिलं नसतं. घरात असलं काही चालू असेल तर आईबाबांना सरळ विचारा आणि कोर्टाचा आदेश असेल तर त्याची कॉपी फाइलला लावा, लाजायचं काम नाही. कॉपी नसेल तर तुम्ही न्यायाधीश नाही, आईला आणि बाबाला दोघांनाही फोन करून कळवायचं आणि वहीत वेळ टाकायची.

माणसं ठेवताना

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्याचे २०२० चे नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी, त्यात पाळणाघरांचं नाव घेऊन, सगळ्या स्टाफची पोलीस पडताळणी करायची, शिकवणारा असो की झाडू मारणारा, कायम असो की कंत्राटी, आणि ती एकदाच करून फाइलला लावायची नाही तर ठरावीक काळाने परत करायची. आमच्यासारख्या घरगुती पाळणाघरवाल्या बायकांना वाटतं हे मोठ्या शाळांसाठी असतं. नाही, आपल्यालाही आहे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो, आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. काही बायका बिचकतात, पोलीस म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसते, मी सोबत बसून फॉर्म भरते आणि फी माझ्या खिशातून देते.

पण पडताळणीत फक्त एवढंच कळतं की त्या माणसावर आजवर गुन्हा नोंदलाय का. नोंदलेला नसणं म्हणजे केलेला नसणं नव्हे. त्यामुळे खरं काम फोनवर होतं. आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा, आणि "कशी होती हो" असं विचारू नका, सगळे "चांगली होती" म्हणतात, कोण कशाला वाईटपणा घेईल. विचारा "तुमचं मूल परत तिच्याकडे द्याल का?" आणि मग गप्प बसा. उत्तर यायला जो वेळ लागतो ना, तो ऐका. एकदा एका बाईंनी चार सेकंदांनी "तशी स्वच्छता चांगली आहे तिची" म्हटलं, मी त्या मुलीला ठेवली नाही.

नवीन बाई पहिले दोन महिने कुठल्याही पोरासोबत एकटी नको, एक मिनिटही नको.

आणि आता घरातल्यांचं. घरगुती पाळणाघरात हा विषय कोणी काढतच नाही. पाळणाघर माझ्या घरात आहे म्हणजे माझा नवरा आहे, तेव्हा माझा मुलगा दहावीत होता, दीर यायचे, गॅसवाला, प्लंबर, केबलवाला. मी नियम केला की मुलं असताना घरातला कुठलाही पुरुष आतल्या खोलीत येणार नाही, डायपर, आंघोळ, झोपवणं यात हात लावणार नाही, आणि त्यात यजमान आलेच. आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यावर विश्वास नाही का म्हणे. मी म्हटलं तुमच्यावर आहे हो, पण मी हा नियम तुमच्यासाठी मोडला तर उद्या कामाला असलेल्या मावशीच्या नवऱ्याला कुठल्या तोंडाने बाहेर थांबवू? तिसऱ्या दिवशी स्वतःच हॉलमध्ये पेपर घेऊन बसले. आता तर तेच प्लंबरला सांगतात, अडीचनंतर ये बाबा आणि माझी बायको सोबत असेल तरच आत जा. आणि बायकांकडून काही होत नाही असंही समजू नका, मारहाण, कोंडणं, बळजबरीने भरवणं हे सगळं बायकाही करतात, तिथं तुम्ही आम्ही सगळ्या आलो.

जागा आणि कॅमेरा

बाथरूमची आतली कडी काढून टाका. पूर्ण दार नको असेल तर अर्धं दार करून घ्या, मुलांची अब्रूही राहते आणि मोठ्या माणसाचं डोकं बाहेरून दिसतं. डायपर बदलायची जागा हॉलच्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या नजरेआड पण दुसऱ्या मावशीच्या नजरेसमोर. कोण कोणाला किती वाजता बदललं हे वहीत.

किती मुलांमागे किती माणसं याचं राष्ट्रीय धोरण २०१३ चं आहे, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक. हे ज्याने लिहिलं त्याने दहा रांगती पोरं एका खोलीत कधी बघितली असतील असं मला वाटत नाही. मी तीन वर्षांखाली पाचाला एक ठेवते, परवडत नाही, तरी ठेवते, कारण थकलेलं माणूस पहिल्यांदा ओरडतं आणि मग हात उचलतं. दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी सहानंतर, या दोन वेळांना सगळ्यात जास्त चिडचिड होते, तेव्हा एक माणूस जादाच पाहिजे. आणि ज्याला राग अनावर होतोय त्याला "मी बाहेर जाऊन येते" म्हणायची मुभा पाहिजे, त्याबद्दल बोलणी बसता कामा नयेत. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला रागाने गदागदा हलवलं तर बाहेरून एक ओरखडा न दिसता मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे प्रत्येक मावशीला पहिल्याच दिवशी सांगा, बऱ्याच जणींना खरंच माहीत नसतं.

कॅमेऱ्याबद्दल. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं फुटेज टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, दहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणारी बाई मारत होती. त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे प्रत्येक पालकाचा एकच प्रश्न, कॅमेरा आहे का. आहे. पण तिथेही कॅमेरा होताच की, बाळाला लागल्यावर फुटेज तपासलं गेलं. कॅमेरा लावलाय म्हणून निर्धास्त झालात तर त्यापेक्षा न लावलेला बरा. मी आठवड्यातून तीनदा, वार न ठरवता, कुठलाही अर्धा तास काढून बघते, शक्यतो दुपारचा, आणि बघितलं असं वहीत लिहिते. पालकांना मोबाइलवर लाइव्ह द्यायचं मी बंद केलंय, कारण एकाचा पासवर्ड काकाकडे, काकाचा मित्राकडे, आणि त्यात दुसऱ्याची पोरं उघडी दिसतायत. कोणाला बघायचंय त्याने माझ्याकडे येऊन बसून बघावं, चहा देते. आणि हो, दार कधीही वाजवून आत यायची मुभा पालकांना हवीच, "दुपारी झोपेच्या वेळी येऊ नका" असं सांगणाऱ्या ठिकाणी मी माझं पोर ठेवणार नाही.

फोटोचंही तेच. मावश्यांचे मोबाइल सकाळी डब्यात, डबा माझ्या टेबलावर. गॅदरिंगचे फोटो ग्रुपवर टाकायचे तर प्रत्येक पालकाची लेखी परवानगी, आणि चड्डीतला, टबातला फोटो तर कितीही गोड असला तरी काढायचाच नाही.

मुलांना काय शिकवायचं

थोडंच. गुड टच बॅड टचचे चार्ट लावून लोक मोकळे होतात, जसं काही अडीच वर्षांच्या पोरानेच स्वतःला वाचवायचं. ते काम आपलं. पण तीन गोष्टी मी करते. शरीराच्या सगळ्या भागांना नाव असतं, कान तसंच शूची जागा, शीची जागा, ते घाणेरडं नाही, कारण ज्याला शब्द नाही ते पोर सांगणार कसं. दुसरं, हात लावायच्या आधी विचारायचं, "डायपर बदलूया? ये, पाय वर कर" आणि पाहुण्यांना पापी दे, मिठी मार असली जबरदस्ती नाही, पोर नाही म्हणालं तर नाही. आज्या रागावतात, रागावू देत. तिसरं, गुपित नाही. "आईला सांगू नको हं" हे वाक्य माझ्याकडे कोणीही वापरायचं नाही, जास्तीचं चॉकलेट दिलं तरीही नाही. बाबांच्या वाढदिवसाला कार्ड करतोय ते सरप्राइज, ते शेवटी सांगायचंच असतं.

वही आणि माझी चूक

आता वही कशाला ते सांगते. वहीत रोज प्रत्येक मुलाची एक ओळ, आलं तेव्हा कसं होतं, काय खाल्लं, किती झोपलं, शू-शी, पडलं-झडलं, कोण होतं, कोणी नेलं. पडलं तर त्याच दिवशी पालकांना दाखवून सही. आणि सकाळी येतानाच काही लागलेलं असेल तर तेव्हाच विचारायचं आणि लिहायचं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा होता, हसरा, पॉटी ट्रेनिंग पूर्ण झालेला. अचानक त्याने शू करायला नकार द्यायला सुरुवात केली, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा धरून ठेवायचा, घरी गेला की पहिलं बाथरूम. मी म्हटलं हट्टीपणा, आईने म्हटलं नवीन भाऊ झालाय म्हणून. दोघींनाही कारण सापडलं आणि दोघीही निवांत. तीन आठवडे गेले. मग एका रविवारी फीचा हिशोब करताना सहज वही चाळली तर दिसलं, दर बुधवारी त्याची शू व्यवस्थित आहे. अकरा वाजता केली, दोन वाजता केली. फक्त बुधवारी. आणि बुधवार एका मदतनीस बाईची सुट्टी.

आमच्या बाथरूमच्या लाइटचं बटण बाहेर आहे. ती बाई त्याला आत घालून लाइट बंद करायची, "पाल येईल, लवकर कर" म्हणत, आणि एक-दोनदा कडी घातली होती बाहेरून. तिने ते लपवलंसुद्धा नाही हो, विचारल्यावर म्हणाली आमच्याकडे असंच शिकवतात. ही बाई म्हणजे माझ्या कामवालीची नणंद, चांगली ओळखीतली, म्हणून मी आधीच्या ठिकाणी फोनही केला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याच्या आईबाबांना बोलावून सगळं सांगितलं, आई रडली, बाबा एक शब्द बोलले नाहीत, पुढच्या सोमवारपासून ते आले नाहीत आणि बरोबरच केलं त्यांनी. बाईला मी काढून टाकलं. पण नुसतं काढून टाकलं, कुठं कळवलं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७५ आहे, ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे, आणि मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने ते केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. ती नंतर कुठंतरी दुसऱ्या पोरांकडे लागली असणार, हे मला अजून टोचतं.

त्यावरून मी शिकले की एकट्या दिवसाची नोंद मुकी असते, पाच-सहा दिवस शेजारी ठेवले की ती बोलायला लागते. आता दर शुक्रवारी वही मागे वाचते. काय बघायचं? पोर एकाच माणसाला बघून आक्रसतं का. कपडे काढताना अचानक घाबरायला लागलंय का. सुटलेली सवय परत आलीय का, अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं. बाहुलीशी खेळताना वयाला न शोभणारं काही करतंय का. शूच्या जागी दुखतंय म्हणतंय, चालताना फेंगडं चालतंय. यातल्या एकाच गोष्टीवरून निष्कर्ष काढू नका, दात येत असतात, जंत असतात, घरात पाळणा हलतो, सगळं असतं. लिहीत राहा.

खुणांचं मात्र थोडं पक्कं आहे. धावत्या पोराचे गुडघे, नडगी, कपाळ फुटणारच. पण कान, मान, गाल, पोट, पाठ, मांडीची आतली बाजू, इथं निळं पडत नाही सहसा. आणि जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याच्या अंगावर वळ दिसला तर "झोपेत लागलं असेल" हे ऐकून गप्प बसायचं नाही. गोल छोटा भाजल्याचा डाग, चार बोटांचे वळ, दोन्ही दंडांवर सारखे ठसे, तसंच. एका बाळाला सोमवारी सकाळी येतानाच इतकी गुंगी असायची की पाजताना जागं होईना, विचारता विचारता कळलं की घरची सांभाळणारी मुलगी शनिवार-रविवार त्याला सर्दीचं सिरप पाजायची, निवांत झोपावं म्हणून. डॉक्टरांनी आईला झापलं, पण आईला तरी कुठं माहीत होतं.

पोराने काही सांगितलं तर

हे नीट वाचा, इथं घाईत चुका होतात.

पोर कधीच समोर बसून सांगत नाही. तुम्ही पोळी भरवत असता आणि ते मध्येच म्हणतं "काकांनी मला इथं केलं". तुमचा हात थांबू देऊ नका, तोंड पाडू नका. "बरं. सांगितलंस ते छान केलंस." आणि मग फक्त "मग काय झालं?" एवढंच. "कुठले काका, व्हॅनवाले का? तिथं हात लावला का?" असं विचारलंत की संपलं, तुमचे शब्द पोराच्या तोंडात जातात आणि पुढे कोर्टात त्यावरच बोट ठेवलं जातं. परत परत विचारू नका, चार जणांसमोर "आता मावशीला सांग" असं तर अजिबात नाही. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणारच आहे. लगेच वहीत, किती वाजता, कुठं, तुम्ही काय म्हणालात, पोर काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. ते "टिटी" म्हणालं तर टिटी लिहा, शुद्ध मराठी करू नका.

आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, बदलावे लागले तर ते कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला बोलावून जाब विचारू नका, तो पळेल किंवा पुरावा पळेल, फक्त तो मुलांच्या आसपास राहणार नाही एवढं बघा.

आणि कळवा. पॉक्सोचं कलम १९ म्हणतं की गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी भीती असेल तर प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, खात्री करणंही नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाचालकाने आपल्याच हाताखालच्या माणसाचं दडवलं तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढं काही निघालं नाही तर तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलगा असो की मुलगी, कायदा दोघांना सारखाच.

फोन कुठं? तातडीचं असेल तर ११२. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, फुकट. घरातल्याच माणसाबद्दल संशय असेल, बाप, आजोबा, कोणीही, तर आधी १०९८ किंवा पोलीस, पोराला घरी धाडून मग "बघू उद्या" नाही. घरातल्याबद्दल नसेल तर आईबाबांना ताबडतोब बोलवा, फोनवर सगळं सांगू नका, "बाळ ठीक आहे, पण लगेच या" एवढंच. गावाकडे अंगणवाडी ताई असाल तर पर्यवेक्षिकेला सांगितलं म्हणून तुमचं काम झालं असं नाही, कळवायची जबाबदारी तुमचीही राहते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं झालं, आमच्यापासून लोकलने अर्ध्या तासावर. शाळेतच चिमुरड्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार, आरोप सफाईसाठी नव्यानेच लागलेल्या कंत्राटी माणसावर, पालक पोलीस ठाण्यात तासनतास ताटकळले, २० तारखेला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद. शाळा चालवणाऱ्यांवरही वेळेत न कळवल्याबद्दल पॉक्सोखालीच गुन्हा दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी शाळांसाठी जीआर निघाला, सीसीटीव्ही, पडताळणी, तक्रारपेटी. तक्रारपेटी चांगलीच, पण तीन वर्षांचं पोर त्यात काय टाकणार, क्रेयॉन?

म्हणून पालकांसोबत ठाण्यात जाताना आपला हक्क माहीत असू द्या. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आई किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत. एफआयआरची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, ते झालं का विचारा. राज्याची मनोधैर्य योजना आहे, त्यात आर्थिक मदत मिळते, त्याचंही विचारा, आपण होऊन कोणी सांगेलच असं नाही.

आणि पोराचं नाव, फोटो, शाळा, बिल्डिंग, काहीही कुठल्या ग्रुपवर नाही. कलम २३ मीडियाला बांधतं, पण "आपल्याच सोसायटीतली आहे गं ती" हा मेसेज बातमीपेक्षा जास्त लांब जातो.

मग फोन येतात, "ताई मिटवून टाका, बदनामी होईल, तुमचंच पाळणाघर बंद पडेल". येतील. पडेल कदाचित. मिटवलेलं पोर मोठं होऊन परत तुमच्या दारावरून जातंच.

रोज संध्याकाळी

१०९८ चा कागद दारावर आतून नाही, बाहेरून लावा, पालकांच्या डोळ्यांसमोर, आणि त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की माझ्याबद्दल तक्रार असेल तरी हाच नंबर, मला विचारायची गरज नाही. एक पालक हसले होते, स्वतःविरुद्ध जाहिरात करताय म्हणे.

शेवटचं पोर गेलं की मी दिवा घेऊन एक फेरी मारते. गॅलरी, पलंगाखाली, पडद्यामागे, बाथरूम, बादल्या उपड्या, लाइटचं ते बाहेरचं बटण चालूच आहे ना. आलेली आणि गेलेली मुलं वहीत मोजते, बाविसाला बावीस, वेळ टाकते, सही करते, आणि दुसऱ्या मावशीची पण सही घेते.

आत्तापर्यंतच्या ३१ वह्या माळ्यावर आहेत. आमचे हे दर दिवाळीला विचारतात रद्दीत देऊ का. मी नाही म्हणते, कारण आज बोलता न येणारं पोर वीस-पंचवीस वर्षांचं होऊनही तक्रार करू शकतं, आणि तेव्हा त्या बुधवारी ड्युटीवर कोण होतं हे कोणाला तरी सांगता आलं पाहिजे. यंदा माळ्यावर वाळवी दिसली, म्हणून सगळ्या पत्र्याच्या ट्रंकेत भरल्यात.